आईच्या फोनवर फायरफॉक्सची दोन एक्स्टेन्शन्स

आमच्या बडोद्याच्या घरी, दांडिया बाजारात, आई रोज दुपारी फोनवर मराठी बातम्या वाचते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला पांढऱ्याशुभ्र पडद्याचा त्रास होतो, त्यात मजकुराच्या मध्येच जाहिरात उघडली की बोट नको तिथे पडतं. एकदा तर अशातून भलतंच अ‍ॅप उतरलं. म्हणून मी तिच्या अँड्रॉइड फोनवर फायरफॉक्स हा ब्राउझर टाकला.

अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या जादा सोयी, चालतच नाहीत. फायरफॉक्सवर आधी मोजकीच मिळायची, डिसेंबर २०२३ पासून मात्र दार खुलं झालं. मी दोनच घेतली. यूब्लॉक ओरिजिनने जाहिराती गेल्या, पानं झटकन उघडू लागली.

पण आईसाठी खरं मोलाचं ठरलं ते पानांचे रंग बदलणारं डार्क रीडर. नावात डार्क असलं तरी त्यात उजळ मोडही आहे आणि ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सेपिया (पिवळसर-तपकिरी छटा) हवं तसं सरकवता येतं. काळ्यावर पांढरी अक्षरं तिला नकोच होती. उजळ मोडमध्ये सेपिया वाढवत गेले, तशी ती म्हणाली, "हां, आता जुन्या पोथीसारखं दिसतंय. राहू दे असंच!" जुन्या फोनवर लांबलचक पानं यामुळे थोडी अडखळतात, हे खरं.

परवानगी मागताना 'सर्व वेबसाइटवरचा डेटा' असं वाचून ती घाबरली होती. दोन्ही फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या शिफारस यादीतली आहेत, म्हणून मी धीर केला; तिसरं काही टाकलं नाही. भावाच्या आयफोनवर हेच करायला गेले, तर तिथल्या फायरफॉक्समध्ये ही सोयच नाही.