लघवीची नळी: राहू द्यायची, काढायची, की दुसरं काही लावायचं?

सोलापुरात आयसीयूबाहेर चटई टाकून बसलेले नातेवाईक मला हटकून सांगतात, "सिस्टर, नळी राहू द्या, अंथरूण ओलं होतंय." त्यांची काळजी खरी आहे, पण नळी ठेवायला तेवढं कारण पुरत नाही.

नळीमुळे लघवीत संसर्ग होऊ शकतो. वय, मधुमेह, खालावलेली प्रतिकारशक्ती, बायकांचा आखूड मूत्रमार्ग यांनी त्याचा धोका वाढतो, पण यातलं काहीच आपल्याला बदलता येत नाही. कमी करता येतात ते नळीचे दिवस. नळी आत असेपर्यंत रोज साधारण 3 ते 7 टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू दिसू लागतात, महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच. नळीवर त्यांचा चिकट थर बसतो आणि औषध तिथवर नीट पोचत नाही.

तरीही बीपी पडलेल्या रुग्णाची लघवी तासातासाला मोजावीच लागते. 60 किलोच्या माणसाला तासाला 30 मिलीच्या खाली आली तर डॉक्टरांना लगेच कळायला हवं. तिथे, आणि लघवी तुंबली असेल किंवा पाठीखालची जखम भिजत असेल तिथे, मी नळीच्याच बाजूने बोलेन. फक्त पिशवीचा जोड उघडू नये आणि पिशवी कमरेच्या खाली असावी. बार्शी, अक्कलकोटहून रुग्णवाहिकेने आलेल्यांची पिशवी कितीदा पोटावर ठेवलेली दिसते! साचलेली लघवी तेवढ्यात उलटी आत जाते.

लघवी आपोआप होत असलेल्या पुरुषाला कंडोम कॅथेटर, म्हणजे आत नळी न घालता बाहेरूनच कंडोमसारखा चढवायचा, बरा. संसर्ग कमी, त्रासही कमी. मात्र वॉर्डात हलवल्यावर एप्रिल-मेच्या घामाने तो सुटतो, आणि बेचैन रुग्ण ओढून काढतो. बायकांसाठी बेडपॅन किंवा डायपर. डायपरचं वजन करून मोजमापही होतं, 1 ग्रॅम म्हणजे जवळपास 1 मिली. कष्ट वाढतात, कातडी जपावी लागते, तरी माझं मत डायपरलाच. लघवी तुंबते पण रुग्ण स्थिर आहे, तर दर चार-सहा तासांनी नळी घालून लगेच काढणं चांगलं. त्याला माणसं मात्र पुरेशी हवीत.

"नळी आहे तर अँटिबायोटिक सुरू करा" असा आग्रह धरू नका. ताप वा त्रास नसताना नुसते जंतू दिसले, तर बहुतेकांना औषध लागत नाही.

सकाळच्या राऊंडला डॉक्टरांना विचारा, "आज नळी कशासाठी ठेवलीय?" काढायची ठरली, तर पुढच्या सहा तासांत लघवी झाली का ते बघा. झाली नाही तर आम्हाला लगेच हाक मारा.