यूएन कॉमट्रेड: फिनलंड-स्वीडनच्या कागद व्यापारावर घासून पाहिलेलं साधन

दोन देशांच्या कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातीची तुलना करायला संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा देशोदेशींच्या आयात-निर्यातीचा माहितीसाठा हे फुकटात मिळणारं सर्वात भरवशाचं साधन आहे. पण चॅप्टर 48 (मालाच्या जागतिक वर्गीकरणातला, म्हणजे एचएस कोडमधला, कागद-पुठ्ठ्याचा विभाग) ची एकच बेरीज काढून कोण पुढे, कोण मागे ठरवणारा हमखास फसतो. फिनलंड आणि स्वीडन ही जोडी घेतली की खाचखळगे चटकन कळतात. दोन्ही देश छपाईच्या कागदाकडून पॅकेजिंगच्या पुठ्ठ्याकडे वळले आहेत.

निवड सोपी आहे: रिपोर्टर (आकडे देणारा देश) म्हणून दोन्ही देश, पार्टनर (समोरचा देश) ‘वर्ल्ड’, फ्लो ‘एक्स्पोर्ट’, कालावधी वार्षिक. खरी मेख कोडमध्ये आहे. 4810 मध्ये मासिकांचा हलका कोटेड कागद (481022) येतो आणि खोक्यांचा अनेक थरांचा कोटेड बोर्डही (481092). एकाची मागणी वर्षानुवर्षं घसरतेय, दुसऱ्याची टिकून आहे. चार अंकी कोडवर थांबलात तर हा बदल बेरजेत झाकला जातो, म्हणून सहा अंकी कोडच घ्या. स्टोरा एन्सो या कागद कंपनीने फिनलंडमधल्या औलूच्या मिलमध्ये कोटेड छपाई कागद बंद करून 2021 मध्ये क्राफ्टलायनर (खोक्यांच्या बाहेरच्या थराचा मजबूत कागद) सुरू केला. म्हणजे एकाच मिलचा माल 4810 मधून 4804 मध्ये गेला. दुधा-ज्यूसच्या खोक्यांचा प्लास्टिकचा थर दिलेला बोर्ड मात्र 4811 मध्ये असतो. स्वीडनसाठी तो सोडून चालणारच नाही.

खोकी बनवणाऱ्यांनी 480411 नीट समजून घ्यावा. तिथला क्राफ्टलायनर म्हणजे 115 जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) वरचा, किमान 80 टक्के रासायनिक लाकडी लगद्याचा माल. आपल्या बाजारात रद्दीपासून केलेल्या कागदालाही सर्रास क्राफ्ट म्हणतात, पण तो या व्याख्येत बसत नाही. रद्दीपासूनचा लायनर, म्हणजे टेस्टलायनर, 480524 आणि 480525 मध्ये शोधायचा.

आकडे हाती आले की आधी किमतीला निव्वळ वजनाने भागा. प्रतिटन दर आजूबाजूच्या वर्षांच्या चार-पाच पट निघाला तर वजनावर शंका घ्या. वजन अंदाजाने भरलंय का, हे सांगणारा रकाना डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये असतो. तो बहुतेक जण बघतच नाहीत, आणि चूक तिथेच होते. 2022 हे वर्ष तर निव्वळ डॉलरमध्ये मोजूच नये: 1 जानेवारी ते 22 एप्रिल यूपीएम या कागद कंपनीच्या फिनलंडमधल्या मिलमध्ये संप होता आणि त्याच वर्षी युरोपात कागदाचे भाव चढले होते. भाववाढीत टनांची घट लपते. शिवाय स्वीडनचा क्रोना आणि फिनलंडचा युरो डॉलरमागे सारखे हलत नाहीत.

एका देशाची निर्यात समोरच्याच्या आयातीशी तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. निर्यात सहसा एफओबी, म्हणजे पुढचं भाडं-विमा न धरता, आणि आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून नोंदली जाते.

भाव ठरवायला हे साधन निरुपयोगी आहे, कारण 480411 मध्ये जीएसएम वेगळा दिसत नाही. पण कुठला माल कुठून निघतो हे शोधायला याच्याइतकं दुसरं काही नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राच्या ट्रेड मॅप या संकेतस्थळावर तक्ते झटपट दिसतात, पण तेही बरंचसं याच आकड्यांवर उभं आहे.

भारताला या तुलनेत घ्यायचं असेल तर 4707 जरूर जोडा. आपल्या कितीतरी मिल आयात रद्दीवर चालतात आणि ती चॅप्टर 47 मध्ये असते. भारताचे सरकारी तक्ते एप्रिल ते मार्चचे असतील, तर कॉमट्रेडच्या जानेवारी-डिसेंबरशी जुळवण्यासाठी महिनावार आकडे काढावे लागतात.