आयुर्वेदिक तणनाशक म्हणून मिठाचं पाणी गळ्यात मारलं

जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. पुढे-मागे मिळून अर्धा गुंठा काळी माती. जास्वंद, मोगरा, दोन लिंबं आणि सासूबाईंनी लावलेला चौदा वर्षांचा कढीपत्ता. श्रावणात दोन सरी पडल्या की लव्हाळा आणि गाजर गवत असं माजतं की पायवाट दिसत नाही. माझे गुडघे दुखतात, बसून खुरपणं होत नाही. रासायनिक औषध मात्र मारायचं नव्हतं, कारण नातवंडं तिथेच खेळतात.

गेल्या श्रावणात एक माणूस स्कूटरवर हिरवे कॅन घेऊन दारात आला. "काकू, कडुनिंब आणि गोमूत्राचं आहे. पिलं तरी काही होत नाही." फाटकाजवळच्या गाजर गवतावर त्याने फवारून दाखवलं. दुपारी तीनपर्यंत पानं करपून काळी पडली. संध्याकाळी तो परत आला तेव्हा मी दोन कॅन घेतले, सतराशे रुपये रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, पुढच्या फेरीला आणतो.

खरी फसगत त्या प्रयोगातच होती. व्हिनेगर आणि मीठ उन्हात कोणत्याही कोवळ्या पानाला जाळतं, त्यासाठी औषध लागत नाही. लव्हाळ्याचा जीव असतो जमिनीतल्या गाठींत. वरची पात जळली तरी गाठ शाबूत राहते. बाराव्या दिवशी लव्हाळा पुन्हा वर आला. जास्वंदीच्या पानांच्या कडा मात्र तपकिरी पडल्या, कढीपत्ता झडू लागला आणि मातीवर पांढरी खपली दिसायला लागली.

उरलेलं थोडं पाणी मी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवलं. दोन दिवसांत तळाशी मिठाचे खडे राहिले. मुलाने माती तपासायला दिली, तर क्षार भरपूर वाढलेले निघाले. आपल्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, त्यात आमचं बोअरचं पाणीही जड. धुऊन काढणं जमेना. शेवटी कढीपत्त्याभोवतीची वरची अर्धा फूट माती मजूर लावून काढली आणि नवी भरली. सासूबाई गेल्यापासून त्या झाडाला मी कधी ताण पडू दिला नव्हता, म्हणून हे जास्त लागलं. एक फांदी वाळली. बाकीचं झाड तगलं.

कॅनवर पानाचं चित्र होतं, दुसरं काहीच नव्हतं. तणनाशकही कीटकनाशक कायदा 1968 खाली येतं. त्यावर नोंदणी क्रमांक, बॅच, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि विषाची तीव्रता दाखवणारा रंगीत त्रिकोण छापलेला असावा लागतो. "नैसर्गिक आहे म्हणून लागत नाही" असं कुणी सांगितलं तर तिथेच फाटक लावा. त्या माणसाने दिलेला नंबर दुसऱ्याच दिवसापासून बंद आहे. आम्ही कृषी कार्यालयात अर्ज दिला, रिकामा कॅन सोबत जोडला.

आता बिनविषारी मार्ग आहे तो कष्टाचाच. गाजर गवत फुलण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटते. अंगाला लागलं तर खाज येते, म्हणून मुलांना जवळ येऊ देत नाही. लव्हाळा दर दोन-तीन आठवड्यांनी गाठीसकट खणून काढायचा, नव्या गाठी धरू द्यायच्या नाहीत. एकदा खणून भागत नाही, वर्ष-दोन वर्षं चिकाटी लागते. झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट जाडसर अंथरलंय. आपल्या जिल्ह्यात पाचटाला तोटा नाही, शेतकरी फुकट देतात. त्याने बी रुजत नाही आणि ओलही टिकते. मे महिन्यात मोकळा वाफा भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं, कडा मातीत दाबल्या आणि पाच आठवडे ठेवलं. सोलापूरच्या उन्हात त्याखाली बरंचसं तणाचं बी मेलं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र उरल्या.

आमच्या गल्लीत आणखी दोन घरांनी तेच कॅन घेतले होते. एका घरचा अजून उघडलेला नाही. तोही आम्ही अर्जासोबत देतोय.