साडेसहा टनी लाकूडफोड्या: दहा महिने, तीन कॉर्ड सरपण आणि एक न फुटलेला एल्म

गेल्या एप्रिलमध्ये मी विजेवर चालणारा, साडेसहा टन जोराचा हायड्रॉलिक लाकूडफोड्या घेतला. आता फेब्रुवारी संपत आलाय. फोडलेलं बरंचसं लाकूड स्टोव्हमध्ये जळूनही गेलं, तेव्हा खरं काय ते लिहायला हरकत नाही.

आमचं घर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात. जानेवारीत पहाटे पारा उणे २५ सेल्सिअसला जातो. घर गरम ठेवायला तेलावरची भट्टी आहे, पण भर दिवाणखान्यातल्या लाकडाच्या स्टोव्हवर. यंदा २७५ गॅलनची तेलाची टाकी एकदाच भरावी लागली, मागच्या हिवाळ्यात तीनदा भरली होती.

लाकूड घरचंच. मागच्या रानात अ‍ॅशची झाडं उभ्या उभ्या मेली. (अ‍ॅश हे झाडाचं नाव, राख नव्हे. राख नंतर होते.) कारण एक पाचूसारखा हिरवा भुंगेरा. आशियातला हा किडा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २०१८ मध्ये व्हरमाँटला पोचला. साल ओढली की खाली अळ्यांनी कोरलेले नागमोडी चर दिसतात, कोणी घाईत मोडी लिहून गेल्यासारखे. असं मेलेलं अ‍ॅश ठिसूळ होतं आणि फांद्या न सांगता तुटतात, म्हणून झाडं पाडायला मी जाणता माणूस लावला. आडव्या खोडाच्या सोळा-सोळा इंची गंडेऱ्या मात्र मी चेनसॉने केल्या.

आता यंत्र. सरळ धाग्याच्या, दहा इंचांपर्यंत जाडीच्या ओंडक्याला ते पापडासारखं मोडतं. एक हात बटणावर, दुसरा दांड्यावर, दोन्ही दाबल्याशिवाय ओंडका पात्यावर रेटणारा ढकलदांडा हलत नाही. पहिल्या दिवशी याचा वैताग आला, पण बोटं शाबूत राहतात ती त्यामुळेच. एका फेरीला पंधरा-वीस सेकंद लागतात. आवाज मिक्सरपेक्षा कमी, त्यामुळे रविवारी सकाळी लावलं तरी शेजारी रागावत नाहीत.

तक्रारी दोन, आणि पहिलीत अर्धी चूक माझी. सुरू करण्याआधी हवेचा (आतली हवा बाहेर सोडणारा) स्क्रू तीन-चार आटे सैल करायचा आणि यंत्र हलवण्याआधी पुन्हा आवळायचा असतो. मे महिन्यात मी तो सैल करायला विसरले. अर्ध्या तासात सील गेलं आणि अंगणात तेलाचं थारोळं झालं. कंपनीने पहिल्यांदा चुकीच्या मापाचं सील पाठवलं, योग्य यायला तीन आठवडे लागले. बरं, ही सूचना पुस्तिकेत आहे, पण एवढ्या बारीक अक्षरात की यंत्रावरच लाल रंगात छापायला हवी होती. आता मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. दुसरी तक्रार उंचीची. यंत्र जमिनीलगत बसतं, तासाभरात कंबर बोलू लागते. मी जुन्या फळ्यांचा गुडघाभर उंचीचा ओटा करून त्यावर चढवलं, तेव्हा सुटका झाली.

घरातली बारीक, पन्नास फुटी वायर लावू नका. मोटर नुसती गुणगुणते आणि फ्यूज पडतो. मी १२ गेजची जाड, पंचवीस फुटी वायर घेतली, तेव्हापासून त्रास नाही. कडाक्याच्या थंडीत आतलं तेल घट्ट होतं आणि ढकलदांडा म्हाताऱ्यासारखा सरकतो. पण जानेवारीत यंत्राची गरजच पडत नाही. ओंडक्यातलं पाणी गोठलेलं असतं, कुऱ्हाडीच्या एका घावात तो काच फुटावी तसा उडतो.

कुऱ्हाडीचं मला बाबांनी शिकवलं. सप्टेंबरात ते राजापूरहून आले होते. आठ पौंडी जाड पात्याची कुऱ्हाड मी ओंडक्याच्या मधोमध घालत होते आणि ती दरवेळी उसळत होती. बाबा पायरीवर चहा पीत बघत होते.

"अगं, मध्ये काय हाणतेस? कडेने सोल त्याला. आणि आधी चीर बघ, ते लाकूडच सांगतंय कुठे फुटायचं ते."

ओंडक्याच्या तोंडावर केसासारखी चीर होती. ती माझ्या दिशेला फिरवली, गाठ खाली केली, आणि त्याच चिरेवर कडेला घाव घातला. पाव भाग अलगद सुटून पडला. यंत्राकडे बघून बाबा म्हणाले, "हे बरं आहे, पण याचा एक ओंडका होईस्तोवर माझा बंब तापतो." तरी तिसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी बटण आणि दांडा दाबत तेच बसलेले होते.

पण खरा घाम फोडण्यात नाही, ढोण्यात आहे. इथे लाकूड कॉर्डवर मोजतात: चार बाय चार बाय आठ फुटांची रचलेली रास, १२८ घनफूट. ओल्या अ‍ॅशची एक कॉर्ड पावणेदोन टनांच्या आसपास भरते. माझ्या तीन कॉर्ड, म्हणजे पाच टनांहून जास्त. कापताना, गाडीत भरताना, यंत्रावर ठेवताना, रचताना, पडवीत आणताना आणि शेवटी स्टोव्हजवळ, असं प्रत्येक लाकूड सहा वेळा हातातून जातं. वाळल्यावर वजन घटतं हे धरलं तरी पंचवीस-तीस टन झाले, आणि यातल्या फक्त एका उचलीत यंत्र मदत करतं. एप्रिलच्या चिखलात एकचाकी हातगाडी आसापर्यंत रुतली आणि दोनदा उलटली. दोन चाकांची घेतल्यावर काम निम्मं झालं. बर्फ पडला की प्लास्टिकची घसरगाडी कशालाही हार जात नाही, दोरी कमरेला बांधून मी औताच्या बैलासारखी निघते. आज पुन्हा पैसे खर्च करायचे झाले तर आधी हातगाडी घेईन, मग यंत्र.

आणि वाळवण. आमच्या गावी मिरगाच्या आत लाकूडफाटा माळ्यावर चढला नाही तर श्रावणात चूल धुमसते. इथे मिरगाच्या जागी बर्फ, बाकी हिशेब तोच. एप्रिलमध्ये फोडलेल्या अ‍ॅशमध्ये मीटर ३१ टक्के ओल दाखवत होता, सप्टेंबरअखेर १८. वीसच्या खाली आलं की जाळावं. मोजताना लाकूड नव्याने फोडून आतल्या भागावर टोचा, बाहेरून ते नेहमीच वाळलेलं दिसतं. रास जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, वरून झाका, बाजू उघड्या सोडा. मी पहिल्या महिन्यात ताडपत्री चारही बाजूंनी गुंडाळली होती, आत पांढरी बुरशी आली. ओलं लाकूड जाळलं की धुराड्यात डांबरासारखं क्रिओसोट साचतं, आणि आग लागते ती त्यालाच. म्हणून ऑक्टोबरात धुराडं साफ करून घेतलं.

यंत्राला न जुमानणारा एकच ओंडका निघाला: एल्म नावाच्या झाडाचा. त्याचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले की साडेसहा टनांनी तो फुटत नाही, फक्त पिंजतो. ढकलदांडा अर्ध्यात अडकला तेव्हा मागून घणाने ठोकून ओंडका सोडवावा लागला. मग त्यात लोखंडी पाचर मारली. ती आत गेली आणि तिथेच राहिली. बाबांनी परत जाताना विमानतळावरही तिची चौकशी केली होती.

दीडशे तासांनी तेल बदला असं पुस्तिका म्हणते. माझ्या वहीत साठ झालेत, पण सील गेल्याचा अनुभव घेतल्यामुळे या एप्रिलमध्येच बदलणार आहे. एक कॉर्डही लागत नसेल तर हे यंत्र घेऊ नका, कुऱ्हाड पुरे. तीन-चार कॉर्ड लागत असतील आणि पाठ चाळिशी ओलांडलेली असेल तर घ्या. ओट्याच्या फळ्या त्याच दिवशी आणा.