काउंटीचं मध्यक उत्पन्न: एसीएसचा आकडा घ्यावा की एसएआयपीईचा?

अमेरिकेत ३,१०० हून अधिक काउंट्या, म्हणजे राज्यांतले जिल्ह्यासारखे विभाग, आहेत. त्यातल्या एखादीचं घरटी मध्यक उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) शोधायला गेलात, तर जनगणना ब्युरोकडेच तीन-तीन आकडे सापडतात आणि ते जुळत नाहीत. माझा कल आधीच सांगून टाकतो: सगळ्या काउंट्यांचा, एकाच वर्षाचा आकडा हवा असेल तर एसएआयपीई, म्हणजे ब्युरोचे मॉडेलवर बेतलेले अंदाज. बहुतेक जण सवयीने एसीएसचा, म्हणजे ब्युरोच्या सर्वेक्षणाचा, पाच वर्षांचा आकडा उचलतात. तो सोयीचा असतो, पण दरवेळी योग्य असतोच असं नाही.

एसीएस म्हणजे अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे. दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्ते निवडून घरातल्या १५ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांच्या मागच्या बारा महिन्यांच्या उत्पन्नाची चौकशी होते. एका वर्षाचे नेहमीचे आकडे फक्त ६५,००० किंवा जास्त वस्तीच्या भागांसाठी निघतात. न्यू जर्सीतली मिडलसेक्स काउंटी, म्हणजे आपल्या मंडळींचं एडिसन जिच्यात येतं ती, आठ लाखांच्या वर आहे. तिथे हाच आकडा घ्या, डोकं खाजवू नका. पण या मालिकेत २०२० चं वर्ष गळलेलं आहे. महामारीत प्रतिसाद घटला म्हणून त्या वर्षी फक्त प्रायोगिक आकडे निघाले. शिवाय बहुतेक काउंट्या या मर्यादेत बसतच नाहीत.

पाच वर्षांचा आकडा सगळ्या काउंट्यांसाठी मिळतो, अगदी २०२० मध्ये जेमतेम ६४ माणसं मोजली गेलेल्या टेक्सासच्या लव्हिंग काउंटीसाठीही. मात्र ही साठ महिन्यांची खिचडी असते. नॉर्थ डकोटातली मॅकेंझी काउंटी बघा. तिथे तेलाची तेजी आली आणि उत्पन्नं झपाट्याने चढली. २००८ ते २०१२ चा आकडा उघडला, तर तेजी भरात येण्याआधीची घरं आणि तेजीतली घरं एकत्र कालवलेली. सगळी उत्पन्नं शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेली असतात हे खरं, पण त्याने महागाईचा फरक निघतो, तेजीचा नाही. कल बघायचा असेल तर एकमेकांवर न चढणारे कालखंड घ्या: २०१४–१८ विरुद्ध २०१९–२३. आणि शेजारी छापलेली त्रुटीमर्यादा (अंदाज किती वर-खाली असू शकतो ते) वाचा. ती ९० टक्के विश्वासपातळीची असते आणि छोट्या काउंटीत इतकी रुंद असू शकते की दोन शेजारणींमधला फरक त्यातच बुडून जातो.

एसएआयपीई म्हणजे स्मॉल एरिया इन्कम अँड पॉव्हर्टी एस्टिमेट्स. इथे एसीएसचा त्याच वर्षाचा, छोट्या काउंटीसाठी एरवी न छापला जाणारा अंदाज घेतात. त्याच्या जोडीला प्राप्तिकर विवरणपत्रांसारख्या सरकारी नोंदींवरून प्रतिगमनाने (एका आकड्यावरून दुसरा वर्तवण्याच्या सांख्यिकी पद्धतीने) दुसरा, मॉडेलचा अंदाज काढतात, आणि दोन्हींना वजन देऊन एक करतात. नमुना मोठा असेल तिथे सर्वेक्षणाचं वजन जास्त, तुटपुंजा असेल तिथे मॉडेलचं. म्हणून छोट्या काउंट्यांचे आकडे दरवर्षी उड्या मारत नाहीत.

त्याच्या मर्यादाही ठळक आहेत. मध्यक उत्पन्न फक्त देश, राज्य आणि काउंटी या पातळ्यांवर मिळतं. भाडेकरू-घरमालक, वंश किंवा सेन्सस ट्रॅक्टनुसार (काउंटीच्या आतल्या छोट्या जनगणना-विभागांनुसार) फोड हवी असेल तर पाच वर्षांच्या एसीएसला पर्याय नाही. दुसरी गोष्ट संशोधकांसाठी: हा आकडा मुळातच मॉडेलमधून आलेला आहे. तुमच्या समीकरणात दुसऱ्या बाजूला करनोंदींचाच आकडा असेल, तर सापडलेला संबंध काही अंशी तुम्हीच आत घातलेला असतो. अशा वेळी एसीएस घ्या.

आर्थिक विश्लेषण ब्युरोचं दरडोई वैयक्तिक उत्पन्न मात्र या कामाचं नाही. आपल्याकडच्या आर्थिक पाहणीतल्या जिल्हावार दरडोई उत्पन्नासारखीच ती सरासरी आहे. चार गडगंज घरं आली की वर जाते. अमेरिकी गृहनिर्माण खात्याच्या घरमदतीसाठीच्या उत्पन्नमर्यादांमागे कुटुंबाचं मध्यक असतं, घराचं नव्हे. एकट्याने राहणारी माणसं त्यात नसतात, म्हणून तो आकडा सहसा जास्त दिसतो.

दोन-तीन काउंट्यांचा मिळून एक आकडा हवा असेल, तर मध्यकांची सरासरी काढू नका, लोकसंख्येचं वजन लावूनही नाही. एसीएसच्या बी१९००१ तक्त्यात उत्पन्नाचे १६ गट असतात. प्रत्येक गटातल्या सगळ्या काउंट्यांच्या घरांची बेरीज करा, मधलं घर ज्या गटात पडतं तो शोधा आणि त्या गटात अंतर्वेशन करा, म्हणजे गटाच्या दोन टोकांमध्ये त्या घराची जागा प्रमाणाने ठरवा. गट रुंद असेल तर उत्तर ढोबळ येईल, पण पद्धत चुकीची ठरणार नाही.

आणि जुने-नवे तक्ते जोडण्याआधी कनेक्टिकट तपासा. २०२२ च्या एसीएसपासून तिथल्या आठ काउंट्यांच्या जागी नऊ नियोजन प्रदेश आले आहेत. त्यांचे संकेतांक वेगळे आणि हद्दीही वेगळ्या, त्यामुळे जुन्या यादीशी जोडताना अख्खं राज्य गुपचूप गळून पडतं.