अनोळखी नावाचं जुनं घड्याळ: झाकण उघडावं की नोंदी चाळाव्यात?

मैत्रिणीला आजोबांचं मनगटी घड्याळ मिळालं. तबकडीवरचं नाव कुणीच ऐकलेलं नाही. मागचं झाकण उघडून मशीन पाहावं की ट्रेडमार्कच्या नोंदींत नाव शोधावं, यावर ती अडली आहे.

खर्चात नोंदी सरस. 'मिक्रोलिस्क' ही घड्याळांच्या ट्रेडमार्कची सूची इंटरनेटवर मोफत पाहता येते. झाकण मात्र कारागिराकडूनच उघडून घ्यावं. चुकीच्या हत्याराने पडलेला ओरखडा कायमचा राहतो.

मेहनत नोंदींत जास्त. एकच नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या मालकांकडे सापडतं.

खरा फरक उत्तरात आहे. कितीतरी स्विस ब्रँड ए. शिल्ड, फाँटेनमेलाँ, युनिटास अशा मशीन बनवणाऱ्या कारखान्यांकडून कच्ची मशीनं विकत घेत. बॅलन्स व्हीलजवळ (मागेपुढे डोलणाऱ्या चक्राजवळ) किंवा त्याखाली भिंगातून पाहिलं, तर ए. शिल्डच्या 'एएस'सारखं चिन्ह आणि कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या नमुन्याचा, क्रमांक बहुधा दिसतो. त्यावरून मशीन कुणाचं आणि साधारण कधीचं, हे कळतं. ब्रँड कळत नाही, कारण तेच मशीन असंख्य नावांखाली विकलं गेलं. अमेरिकेत आयात झालेल्या मशीनवरचा तीन अक्षरी कोड हा सुखद अपवाद.

नोंद नावाचा मालक सांगते, पण तो स्वतः घड्याळं न बनवणारा दुकानदार किंवा आयातदारही असू शकतो.

दुरुस्ती, सुटे भाग किंवा काळ हवा असेल तर झाकण उघडा. नावामागची माणसं शोधायची असतील तर नोंदी. मैत्रिणीला मी आधी मशीन पाहायला सांगितलं: काळ कळला की नोंदींतल्या मालकांपैकी आपला कोणता, हे ठरवता येतं.