कॅनडाचा पीआर राखून दुबईत नोकरी: एकट्याने जावं की सगळ्यांनी?

कॅनडातल्या टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधल्या बऱ्याच मराठी घरांत हा विषय कधी ना कधी निघतोच. पीआर (कॅनडात कायम राहण्याचा हक्क) झाला, मुलं शाळेत रुळली, पण पगार घरभाडं, गाडीचा विमा आणि पुण्याला आईवडिलांना पाठवायचे पैसे यातच संपतो. अशात दुबईहून चांगली ऑफर येते. मग एकाने जायचं, की सगळं बिऱ्हाड हलवायचं?

पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस कॅनडात काढावे लागतात. ते सलग नसले तरी चालतात, आणि रात्री अकराला विमान उतरलं तरी तो दिवस धरतात. म्हणजे एकूण तीन वर्षं बाहेर राहता येतं.

एकट्याने गेलात तर

इथे एक गैरसमज फार महागात पडतो: बायको-मुलं इथेच आहेत, मग आपल्या पीआरला काय धोका? धोका आहे. प्रत्येकाचे दिवस स्वतंत्र मोजतात. बायको कॅनडाची नागरिक असली, पण ती मिसिसागात आणि तुम्ही दुबईत असाल, तर तुमच्या खात्यात एकही दिवस जमा होत नाही.

करात मात्र हेच कुटुंब मोजलं जातं. जोडीदार, मुलं आणि राहतं घर कॅनडात असेल, तर कर खातं बहुतेक वेळा तुम्हाला इथलेच रहिवासी धरतं आणि जगभरच्या कमाईवर कर लावतं. दुबईचा ‘टॅक्स-फ्री’ पगार मग टॅक्स-फ्री राहत नाही. पुण्यातल्या एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या खात्यातल्या ठेवीचं) व्याजही त्यात येतं. मुलांसाठी मिळणारा भत्ता कुटुंबाच्या एकत्र उत्पन्नावर ठरतो, तोही घटतो. ऑफरचा आकडा बघताना हे आधी वजा करा.

फायदा मुलांच्या शाळेचा आणि बायकोच्या दिवसांचा. नागरिकत्वासाठी लागणारे तिचे 1095 दिवस भरत राहतात, म्हणजे ती वाट मोकळी होते. पण मुलांचं आजारपण, बर्फ उपसणं, शाळेच्या मीटिंगा हे सगळं तिच्या एकटीवर येतं. निर्णय तिने घ्यावा, नुसती संमती देऊ नये.

सगळे गेलात तर

घर सोडून सगळेच हलले, तर करासाठी अनिवासी ठरणं सोपं जातं. दुबईच्या शाळांची फी मात्र भरभक्कम, आणि चौघांचेही दिवस एकदमच थांबतात. तिथे मूल झालं तर त्याला पीआर आपोआप मिळत नाही. त्याला स्पॉन्सर करायला, म्हणजे त्याच्या पीआरसाठी अर्ज करायला, पीआरधारकाला कॅनडातच राहावं लागतं.

चित्र पालटतं ते जोडीदार नागरिक असेल तेव्हा. परदेशात त्याच्या किंवा तिच्यासोबत एकत्र राहिलेले दिवस पीआरसाठी धरले जातात. कॅनडातल्या कंपनीने पूर्णवेळ कामावर बाहेर पाठवलं असेल तरीही धरतात, पण दुबईच्या शाखेने तिथेच भरती केली तर नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: दोघांपैकी एकाचं नागरिकत्व होईपर्यंत थांबा, मग सगळे मिळून जा. त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळालं तरी गावाकडे शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली ठेवता येते. ज्यांचा जीव गावच्या मातीत आहे त्यांनी यावर घरात नीट बोलावं.

थांबणं शक्यच नसेल, आईवडिलांचं ऑपरेशन किंवा कर्जाचा हप्ता मागे लागला असेल, तर एकट्याने जा, पण तीन वर्षांच्या बरंच आत परतण्याची तारीख ठरवूनच. प्रत्येक येण्याजाण्याची नोंद ठेवा. पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर जात नाही, पण कॅनडाच्या विमानात बसता येत नाही. त्यासाठी बाहेरूनच प्रवासाचा कागद मागावा लागतो, आणि तो देताना अधिकारी तुमचे दिवस मोजतात.